यंत्रोबा कुणाच्या हातचा

नाव कुठंच नसायचं.
मागच्या पानावर छापखान्याचा पत्ता, किंमत साठ पैसे,
आणि दंतमंजनाची जाहिरात.
चित्रं कुणाची, ते आम्हीच ठरवायचो
कुपवाडच्या एमआयडीसीत, जेवणाच्या सुट्टीत,
बंद लेथच्या मागं,
जिथं ऑइलचा वास भाकरीलाही लागायचा.

दस्तगीरभाई टर्नर. मी चहा पोचवणारा पोरगा.
अंक हातात घेण्याआधी तो
कॉटन वेस्टनं एकेक बोट पुसायचा.
उजव्या हाताची चार. पाचवं मशीननं नेलेलं.

"हे बघ, ह्या गड्यानं कधीतरी पाना धरलाय.
मोज कोपरे. सहा.
लांबच्या बारक्या नटाला पण सहा.
आणि हा गुडघा बघ, आत बेअरिंग बसंल."
त्याचं नाव आम्ही ठेवलं रिबिटवाला.
पट्टी लावून बघावी अशी रिबिटांची रांग.
पण रेषेला जाड-बारीक ठाऊकच नाही,
पोलाद, ढग, बाईचा पदर,
सगळं एकाच गेजच्या तारेतून ओढलेलं.

मला दुसरा आवडायचा.
त्याचे नट म्हणजे ठिपके, तेही कुठं कुठं विसरलेले.
छातीवरचं मीटर दर पानाला जागा बदलायचं.
पण त्याचा यंत्रोबा नदीच्या घाटावर बसला
की पायरी दबायची.
ब्रश भरभरून शाई, अर्धा देह काळा,
आणि त्या काळ्यात नखाएवढा
कोरा राखलेला कागद,
तोच डोळा.
"सावलीवाला," मी म्हणालो.
"कामचुकार," दस्तगीरभाई म्हणाला.
"जमंना झालं की शाई ओततंय."

तिसरा एक होता, मधल्या आठ-दहा अंकांपुरता.
त्याच्या यंत्रोबाचा सदा उजवा पाय पुढं.
धावताना उजवा, झोपताना उजवा,
शत्रूच्या विमानातून पडतानासुद्धा उजवाच.
"ट्रेसिंग," एवढ्यावर मात्र आमचं एकमत.

राहिलेले अंक मी गणपती पेठेत
आदगोंडाच्या रद्दीतून उपसायचो.
त्याच्या काट्यावर रिबिटवाला आणि सावलीवाला
किलोला सारख्याच भावानं जायचे.
पुढं एकोणीसच्या पुरात ट्रंक भिजली.
पाण्यानं तांबडा नेला,
काळा ठेवला.
हे दस्तगीरभाईला सांगायला हवं होतं,
पण तो तेव्हा नव्हता.

एकेचाळिसावा अंक मात्र आम्ही दोघांनी बघितला.
नटांचे कोपरे सहाच होते,
पण रेषा हलत होती.
मी म्हणालो, छपाई असेल.
तांबडा तर नेहमीच रेषेबाहेर सांडायचा,
ब्लॉक सरकला असेल.
दस्तगीरभाईनं पान खिडकीशी नेलं.
बराच वेळ तिथंच.
"ब्लॉक सरकला तर सगळं एका अंगाला सरकतंय," म्हणाला.
"हे जागच्या जागी हलतंय. हात हाय ह्यो."
आणि स्वतःचा हात खिशात घातला.

सतराव्या पानाला शाई सुरू झाली.
मोठी, ओली, ओळखीची.
मी जिंकल्यासारखा हसणार होतो,
तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.
"थांब."
त्या सगळ्या काळोखात सावलीवाल्यानं
नट काढले होते.
ठिपके नव्हे. सहा कोपऱ्यांचे,
अवघडलेले, खोडून परत काढल्यासारखे,
खांद्यावर, कोपरावर, पोटावर.
दस्तगीरभाईनं मोजले. चौतीस.
बरेच चुकीच्या जागी.
अशा जागी नट असता
तर यंत्रोबाला हात वरच करता आला नसता.

भोंगा झाला. चहा तसाच राहिला.
मी विचारलं, ह्याला आता काय म्हणायचं?
त्यानं अंक मिटला, पुन्हा उघडला,
चार बोटांनी पान सपाट केलं.
"राहू दे," म्हणाला.
"आवळलेत तरी."